७ वर्षांच्या लेकीला ज्युवेनाइल डर्मॅटोमायोसायटिस (कातडी अन स्नायू सुजायचा आजार) निघालाय, स्टिरॉइड आणि मेथोट्रेक्सेट द्यायचं का? कुणाच्या लेकराला झालंय का इथं?

केजची_आई

नमस्कार सगळ्यांना. आम्ही केज तालुक्यातले, जिल्हा बीड. लेक ७ वर्षांची आहे, दुसरीत. मागच्या वर्षीच्या उन्हाळ्यात तिच्या गालावर लाल चट्टे आले अन डोळ्याच्या वरच्या पापण्या जांभळट, सुजल्यासारख्या दिसायला लागल्या. आम्हाला वाटलं ऊन लागलं असंल, आमच्याकडं मे मधी पारा चाळीसच्या वर असतो अन लेकरं दिवसभर बाहेर. मेडिकलवाल्यानं एक ट्यूब दिली, लावली की दोन चार दिवस बरं वाटायचं परत तसंच. एका डॉक्टरनी उन्हाची अॅलर्जी सांगितली, दुसऱ्यांनी इसब. दिवाळीपर्यंत हाताच्या बोटांच्या पेरांवर, बरोबर सांध्यावर, लाल चपटे चकाकणारे उंचवटे आले, मग कोपरावर अन गुडघ्यावर पण. डोकं लई खाजवायची.

संक्रांतीनंतर दुसरंच सुरू झालं. लेकरू गच्चीचा जिना चढताना मधीच बसायला लागलं. संडासला बसली की उठता येईना, हाताला धरून उठवावं लागायचं. खाली बसलेली असली तर आधी पालथी होणार, मग मांडीवर हात टेकवत टेकवत उभी राहणार. शाळेतून सांगितलं की पळत नाही, आळशी झाली. रक्त तपासलं तर लिव्हरचे एसजीओटी एसजीपीटी वाढलेलं, म्हणून कावीळ धरून औषध चालू केलं, सासूबाई कावीळ उतरवणाऱ्याकडं पण घेऊन गेल्या. डोळे पिवळे नव्हतेच अन बिलिरुबिन पण नॉर्मल होतं पण कुणाचं तिकडं ध्यान गेलं नाही.

आखाडात संभाजीनगरला एका स्किनच्या डॉक्टर मॅडमना दाखवलं, त्यांनी बोटं अन पापण्या बघितल्या, नखाच्या कडेची कातडी भिंगातून बघितली अन तिथंच नाव सांगितलं. मग सीपीके, म्हणजे स्नायू खराब होतात का ते सांगणारी रक्ताची तपासणी केली, ते लई वाढलेलं, मांडीचा एमआरआय केला त्यात स्नायूला सूज. अॅडमिट करून तीन दिवस सलाइनमधून स्टिरॉइड दिलं, आता रोज गोळ्या अन आठवड्यातून एकदा मेथोट्रेक्सेट.

आता घरात सगळे वेगवेगळं बोलायलेत. दिरांनी मोबाईलवर बघितलं तर मेथोट्रेक्सेट कॅन्सरचं औषध निघालं, तवापासून सासरे म्हणायलेत लेकराला कॅन्सर झालाय अन डॉक्टर लपवायलेत. स्टिरॉइडनं तोंड सुजलंय, गाल असे गोल झालेत, रातध्याड खायला मागायली. मालक म्हणायलेत जिना चढायली ना आता, मग गोळ्या बंद करू. मला काही कळंना. हे औषध किती दिवस द्यायचं, बंद केलं तर काय होतं, शाळेत पाठवू का, अन हे पूर्ण बरं होतं का. कुणाच्या लेकराला झालं असंल तर सांगा, आमच्या आसपास कुणालाच हे माहीत नाही.

रेणापूरकर

ताई आधी हे वाचा अन मालकांना पण वाचायला द्या. गोळ्या आपल्या मनानं बंद करू नका. एक दिवस पण नाही. बाकीचं सगळं नंतर.

माझी मुलगी आता आठवीत आहे, तिला सहाव्या वर्षी हेच झालं. तुम्ही लिहिलेलं वाचताना अंगावर काटा आला कारण पापण्या, बोटांची पेरं, मांडीवर हात टेकवून उठणं, अन ते एसजीओटीवरून कावीळ म्हणणं पण, सगळं तसंच. आम्हाला नंतर एका बालरोगतज्ज्ञांनी समजावून सांगितलं की एसजीओटी एसजीपीटी फक्त लिव्हरमधीच नसतात, स्नायूत पण असतात, स्नायू खराब व्हायला लागले की ते रक्तात येतात. म्हणजे लिव्हर ठणठणीत असून रिपोर्ट वाढलेला दिसतो. हे ज्यांना माहीत नाही ते कावीळच म्हणणार. म्हणून हे इथं लिहिलेलं राहू द्या, दुसऱ्या कुणाला उपयोगी पडंल.

स्टिरॉइडबद्दल. लेकराला रोज स्टिरॉइड चालू असलं की शरीर स्वतःचं बनवायचं बंद करतं. आपल्या किडनीवर एक ग्रंथी असते ती झोपी जाते. मग अचानक गोळ्या थांबवल्या तर उलट्या, बीपी कमी, लेकरू एकदम गळून जातं, जीवावर बेततं. त्यामुळं डॉक्टर हळूहळू कमी करतात, महिनोन् महिने लागतात. अन जुलाब उलट्या झाल्या अन गोळी पोटात टिकत नसंल तर घरी बसू नका, जवळच्या दवाखान्यात जा अन पहिलं वाक्य हेच सांगा की लेकराला स्टिरॉइड चालू आहे. आम्ही एका कार्डावर ते लिहून तिच्या दप्तरात ठेवलं होतं.

गाल गोल होतात ते डोस कमी झाला की उतरतात. माझ्या पोरीचा आजचा फोटो बघितला तर तुम्हाला पटणार नाही. भुकेचं खरंय, लई भूक लागते, त्यासाठी आम्ही फरसाण, बिस्किटं, पापड, लोणचं घरातूनच काढलं कारण मिठानं सूज अन बीपी वाढतं. त्याऐवजी भाजलेले फुटाणे, काकडी, ताक, ज्वारीची भाकरी. दूध दही अन नाचणी द्यायचीच कारण स्टिरॉइड हाडातलं कॅल्शियम खातं, डॉक्टर कॅल्शियम अन व्हिटॅमिन डी पण देतात, ते चुकवू नका, उन्हात जायचं नसतं त्यामुळं डी तसंही कमी पडतं.

मेथोट्रेक्सेटची एकच गोष्ट जीव तोडून सांगते. ते आठवड्यातून एकदाच असतं. रोज नाही. घरातल्या कुणी चुकून रोज दिलं तर रक्ताच्या पेशी खाली येतात, तोंड आतून सोलवटतं, माणूस दगावतो. आम्ही रविवार धरला होता, कॅलेंडरवर त्या चौकोनात लाल पेनानं खूण करायचो अन डबी मीच वर कुलपात ठेवायची, दुसऱ्या कुणी हात लावायचा नाही. सासूबाई प्रेमानं देतील चुकून, म्हणून सगळ्यांना समजावून सांगा.

इंजेक्शन असंल तर ते पिवळं असतं. माझी लेक दोन वर्षांनी इतकी वैतागली की पिवळं वरण बघून मळमळायचं तिला. मग रविवारऐवजी शनिवारी रात्री झोपताना देऊन बघितलं अन सिरिंजला कागद गुंडाळला, तेवढ्यानं पण फरक पडला. मळमळीची गोळी अर्धा तास आधी डॉक्टरांना विचारून देता येते. फॉलिक अॅसिड पण सोबत लिहून देतात, त्यानं तोंड येणं अन मळमळ कमी होते.

उदगीरचा_पाटील

ताई, माझ्या चुलत भावाच्या पोराला सोरायसिस होता, त्याला एका वैद्यांच्या देशी औषधानं गुण आला. स्टिरॉइड लई वाईट, हाडं ठिसूळ होतात, उंची थांबते. लेकरू लहान आहे, एकदा आयुर्वेदिक करून बघा. गुळवेलीचा काढा तर घरीच होतो, प्रतिकारशक्ती वाढंल. पत्ता पाहिजे तर सांगतो.

डॉ_त्वचा_नांदेड

केजच्या ताई, मी त्वचारोगतज्ज्ञ आहे. तुमच्या मुलीला न तपासता मी डोस सांगणार नाही, तो तुमच्या डॉक्टरांचाच अधिकार आहे. पण आजार काय आहे ते नीट सांगतो, म्हणजे घरात सांगायला तुमच्या हातात काहीतरी असेल.

हा कॅन्सर नाही. लागट नाही, तिच्या ताटात जेवलात तरी कुणाला होणार नाही. कुणाची नजर नाही आणि तुमच्या खाण्यापिण्यातून आलेला नाही. शरीराची प्रतिकारयंत्रणा आपल्याच बारीक रक्तवाहिन्यांवर उलटते, त्यामुळे त्वचेला आणि स्नायूंना सूज येते. पापण्यांवरच्या जांभळट रंगाला हेलिओट्रोप रॅश म्हणतात, बोटांच्या सांध्यांवरच्या उंचवट्यांना गॉट्रन पॅप्युल्स. ही दोन्ही लक्षणं एकत्र दिसली की निदान जवळपास चेहऱ्यावर लिहिलेलं असतं, फक्त ते ओळखणाऱ्यापर्यंत पोचायला हवं. नखाच्या कडेला भिंगातून बघितलं ते याच बारीक रक्तवाहिन्यांसाठी, तिथे त्या फुगलेल्या किंवा तुटलेल्या दिसतात. वर्षाला साधारण दहा लाख मुलांमागे दोन ते चार मुलांना हा आजार होतो, मुलींना मुलांपेक्षा जास्त. म्हणजे एखाद्या डॉक्टरने पूर्ण आयुष्यात एकही पेशंट बघितलेला नसू शकतो, त्यामुळे आधीच्या डॉक्टरांवर राग धरू नका.

मोठ्या माणसांना डर्मॅटोमायोसायटिस झाला तर त्यांच्यात काहींना आतमध्ये कॅन्सर सापडतो, म्हणून इंटरनेटवर हा शब्द दिसतो. लहान मुलांमध्ये तसा संबंध नाही. सासऱ्यांना हे जरूर सांगा. मेथोट्रेक्सेटचंही तसंच, रक्ताच्या कॅन्सरला जे हाय डोस देतात ते ग्रॅममध्ये असतात, इथे आठवड्याला थोडे मिलिग्रॅम. एवढाच डोस संधिवाताचे असंख्य पेशंट वर्षानुवर्षं घेतात.

मेथोट्रेक्सेट आत्ताच का, नुसतं स्टिरॉइड का नाही, हा प्रश्न पालक हमखास विचारतात. २०१६ साली लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात एक अभ्यास आला, २२ देशांतली १३९ मुलं होती, नव्याने निदान झालेली. एका गटाला फक्त प्रेडनिसोन हे स्टिरॉइड, दुसऱ्याला त्यासोबत सायक्लोस्पोरिन हे प्रतिकारयंत्रणा दाबणारं औषध, तिसऱ्याला त्यासोबत मेथोट्रेक्सेट. दोन औषधं मिळालेली मुलं नुसत्या स्टिरॉइडवाल्यांपेक्षा चांगली सुधारली आणि त्या दोघांत मेथोट्रेक्सेटचे दुष्परिणाम कमी होते. ते सुरुवातीपासून दिलं की स्टिरॉइड लवकर खाली आणता येतं. म्हणजे ज्या स्टिरॉइडची तुम्हाला भीती वाटते त्यातून लेकराला बाहेर काढणारं औषध हेच आहे. मला वाटतं पालकांना ही एक गोष्ट पटली की पुढचं अर्धं काम होतं.

स्टिरॉइड नव्हते त्या काळात या आजारात साधारण एक तृतीयांश मुलं दगावायची आणि तेवढीच कायमची अपंग व्हायची. आज दगावणं फार विरळ आहे. स्टिरॉइडचे दुष्परिणाम खरे आहेत, पाटील साहेबांचं तेवढं बरोबर आहे, हाडं, उंची, डोळ्यात मोतीबिंदू. पण आजार मोकाट सोडला तर त्याने होणारं नुकसान त्याहून मोठं आणि बऱ्याचदा भरून न येणारं. त्यातलं एक म्हणजे कातडीखाली कॅल्शियमचे कडक गोळे, कोपर गुडघा पार्श्वभाग इथे. ते फुटतात, पांढरं खडूसारखं बाहेर येतं, सांधा आखडतो, आणि एकदा झाले की घालवायचं खात्रीचं औषध नाही. उपचार उशिरा किंवा अर्धवट झाले की त्यांची शक्यता वाढते. म्हणून जिना चढता आला की औषध बंद, असं करायचं नसतं.

गुळवेलीबद्दल मात्र मला स्पष्ट बोलायचं आहे. या आजारात प्रतिकारशक्ती कमी पडलेली नाही, ती चुकीच्या दिशेने वाढलेली आहे. तिला आणखी डिवचणारं काही द्यायचं नाही. शिवाय २०२१ मध्ये मुंबईच्या डॉक्टरांनी गुळवेल घेतल्यावर लिव्हरला सूज आलेल्या पेशंटांची नोंद प्रसिद्ध केली आहे, त्यात काहींना आधीपासून ऑटोइम्यून, म्हणजे प्रतिकारयंत्रणा स्वतःवरच उलटण्याचे आजार होते. मेथोट्रेक्सेटवर आपण आधीच लिव्हरचे रिपोर्ट बघत असतो, त्यात हे नको. भस्मं तर अजिबात नको.

आता कधी धावत दवाखाना गाठायचा ते. पाणी पिताना ठसका लागतो किंवा नाकातून येतं, आवाज नाकात बोलल्यासारखा झाला, श्वास लागतो, पोटात जोरात दुखतं किंवा शौच डांबरासारखं काळं होतं, यातलं काहीही दिसलं तर सकाळची वाट बघायची नाही. गिळायचे स्नायू कमजोर झाले की अन्न श्वासनळीत जातं. आणि ही औषधं प्रतिकारशक्ती दाबतात, म्हणून ती चालू असताना ताप आला तर तो साधा समजून घरी गोळी देऊन बसायचं नाही. शाळेत किंवा गल्लीत कुणाला कांजिण्या निघाल्या आणि ही त्या मुलासोबत खेळली असेल, तर अंगावर काही दिसायच्या आधीच डॉक्टरांना फोन. गोवर-रुबेला, कांजिण्या यांच्या जिवंत लसी आत्ता द्यायच्या नाहीत. शाळेत लसीकरणाचं पथक आलं तर बाईंना आधीच सांगून ठेवा. फ्लूची मारलेली लस चालते, उलट द्यावी.

अजून एक. ताप-जुलाबासाठी कुठल्याही दवाखान्यात गेलात तर मेथोट्रेक्सेट चालू आहे हे सांगा, को-ट्रायमॉक्साझोल नावाचं अँटिबायोटिक त्यासोबत दिलं तर रक्तपेशी धोकादायक खाली जाऊ शकतात.

केजची_आई

डॉक्टरसाहेब, रेणापूरच्या ताई, किती आभार मानू. रात्री मालकांना वाचून दाखवलं. सासऱ्यांना ते कॅन्सर लहान लेकरात नसतो हे दोनदा वाचून दाखवलं, नंतर ते जेवले नीट. गोळ्या चालूच ठेवतोत.

पण औषध किती दिवस, ते राहिलं. अन आमचं धाकटं लेकरू दोन वर्षाचं आहे त्याला पोलिओचे डोस पाजतात ते चालंल का. अन खर्चाचं पण कुणी सांगा, आमचं तीन एकर कोरडवाहू आहे, सोयाबीनचं काय होतंय ते तुम्हाला माहीतच आहे. मॅडम म्हणाल्या गरज पडली तर आयव्हीआयजी नावाचं महाग इंजेक्शन लागू शकतं.

डॉ_त्वचा_नांदेड

स्टिरॉइड सुरुवातीला पूर्ण, मग आजार आवरला तसं हळूहळू खाली, साधारण वर्ष ते दोन वर्षं. मेथोट्रेक्सेट त्यानंतरही चालू राहतं. युरोपातल्या तज्ज्ञांचा सल्ला असा की स्टिरॉइड बंद होऊन आजार पूर्ण शांत राहिल्यावर निदान वर्षभर तरी ते ठेवावं. काही मुलांना हा एकदाच येतो आणि दोन-तीन वर्षांत शांत होतो, काहींना परत उलटतो, काहींना चिवटपणे रेंगाळतो. कोणतं लेकरू कुठल्या वाटेने जाईल ते आज सांगता येत नाही.

एक लक्षात ठेवा, ताकद आधी येते आणि कातडी मागे राहते. पेरांवरचा लालपणा टिकून आहे याचा अर्थ आजार पूर्ण झोपलेला नाही. त्यासाठी हायड्रॉक्सीक्लोरोक्विन जोडतात, ते चालू करण्याआधी आणि नंतर ठरावीक काळाने डोळ्याचा पडदा तपासून घ्यायचा. तोंडावरच्या डागांना टॅक्रोलिमसचं मलम देतात. मेडिकलवाल्याने दिलेली ती ट्यूब फेकून द्या, तसल्या मिश्र ट्यूबमध्ये बहुतेक वेळा तीव्र स्टिरॉइड असतं आणि चेहऱ्याची कातडी त्याने पातळ होते. एवढ्यावर आवरलं नाही तर आयव्हीआयजी, मायकोफेनोलेट, रिटुक्सिमॅब असे पुढचे मार्ग आहेत, अलीकडे टोफासिटिनिबसारखी औषधंही हट्टी आजारात वापरतात. म्हणजे पहिल्या औषधाने जमलं नाही तर सगळं संपलं असं नाही. टीबीची तपासणी झाली नसेल तर मॅडमना आठवण करा, आपल्याकडे ती ही औषधं देताना बघावीच लागते.

धाकट्याचा प्रश्न चांगला विचारलात. तोंडातून पाजतात त्या पोलिओ डोसमध्ये जिवंत विषाणू असतो आणि तो मुलाच्या शौचातून काही आठवडे बाहेर पडतो. घरात प्रतिकारशक्ती दाबलेलं मूल असेल तर धाकट्याला इंजेक्शनची पोलिओ लस द्यायची की काय, हे डॉक्टरांना विचारूनच ठरवा. डोस टाळायचा असं मी म्हणत नाही, विचारून घ्यायचा.

माजलगाव_दादा

ताई खर्चाचं मी सांगतो, माझ्या पुतण्याला दुसरा आजार आहे पण चकरा त्याच. कुठल्याही सरकारी मेडिकल कॉलेजला किंवा योजनेतल्या दवाखान्यात गेलात की आधी महात्मा फुले जन आरोग्य योजनेचा आरोग्यमित्र, म्हणजे योजनेचा मदतनीस, कुठं बसतो ते विचारा. रेशनकार्ड अन सगळ्यांचे आधार सोबतच न्या, लेकराचं पण, नाहीतर परत गावाकडं यावं लागतं. सगळीच औषधं योजनेत बसत नाहीत, ते त्यांनाच विचारा, पण अॅडमिशनमधी बराच भार हलका होतो. तुम्हाला तर अंबाजोगाईचं स्वामी रामानंद तीर्थ मेडिकल कॉलेज सगळ्यात जवळ, नेहमीचे रक्त रिपोर्ट, ताप आला तर अॅडमिट करणं हे तिथं होऊ शकतं. शाळेत आरबीएसकेचं, म्हणजे लेकरांच्या आरोग्य तपासणीच्या सरकारी योजनेचं पथक येतं तपासायला, त्यांच्या डॉक्टरला पण फाईल दाखवा, ते जिल्हा रुग्णालयाच्या केंद्राकडं पाठवतात.

मेथोट्रेक्सेटच्या गोळ्या अन एचसीक्यू (हायड्रॉक्सीक्लोरोक्विन) काही महाग नाहीत. महाग म्हणजे आयव्हीआयजी, ते वजनावर लागतं त्यामुळं लेकरू जितकं लहान तितकं कमी. त्यासाठी मुख्यमंत्री सहाय्यता निधीचा अर्ज करता येतो, डॉक्टरांचं खर्चाचं पत्रक लागतं त्याला. वेळ लागतो म्हणून गरज पडंल असं वाटलं की लगेच कागदं गोळा करायला लागा.

अन लहान लेकरांच्या संधिवाताचे, म्हणजे पिडियाट्रिक रुमॅटॉलॉजीचे स्पेशल डॉक्टर मुंबई पुण्याला असतात. परळचं वाडिया हे फक्त लेकरांचं हॉस्पिटल आहे. परळी किंवा परभणीवरून रात्रीची गाडी पकडली की सकाळी मुंबईत. एकदा तिथून पक्का प्लॅन लिहून आणायचा अन बाकी फॉलोअप इथल्या डॉक्टरांकडं, असं बरेच जण करतात.

फिजिओ_परभणी

एक गोष्ट कुणीच लिहिली नाही म्हणून. पूर्वी असं समजायचे की स्नायूला सूज आहे तर लेकराला पडून ठेवा. आता तसं नाही. व्यायामानं हा आजार वाढत नाही हे अभ्यासातून दिसलंय, उलट पडून ठेवलं की पोटऱ्या अन मांडीच्या मागच्या शिरा आखडतात अन लेकरू चवड्यावर चालायला लागतं. पहिले काही आठवडे फक्त ताणायचे व्यायाम, तुम्ही धरून करून घ्यायचे, घोटा, गुडघा, कोपर, खांदा. मग तिला स्वतः करू द्या. पाटावरून उठबस, नंतर पाट काढून जमिनीवरून. हात वर करून दोरीवरचे कपडे काढायला लावा, खेळ म्हणून करंल. दमली की थांबायचं, जबरदस्ती नाही. किती सेकंद डोकं वर उचलून धरते, जमिनीवरून उठायला किती वेळ लागतो, हे वहीत तारीख टाकून लिहा. डॉक्टरांना सीपीकेपेक्षा कधी कधी हीच वही जास्त सांगते कारण सीपीके नॉर्मल असून पण ताकद कमी असू शकते.

घरी भारतीय संडास असंल तर प्लास्टिकची कमोड खुर्ची मिळते ती ठेवा. लेकराची लाज वाचते.

झेडपी_गुरुजी_कळंब

ताई, शाळेत पाठवा. घरी ठेवलं की लेकरू आतून खचतं. मी स्वतः मुख्याध्यापक आहे, आमच्या शाळेत अशाच एका विद्यार्थिनीसाठी व्यवस्था केली होती, ती सांगतो. डॉक्टरांकडून चिठ्ठी आणा अन त्यात तीन गोष्टी लिहून घ्या, उन्हात उभं करायचं नाही, वर्ग तळमजल्यावर, संडासला जायची परवानगी कधीही. परिपाठाला आम्ही तिला व्हरांड्यात उभं करायचो अन सोबत एक मैत्रीण, म्हणजे एकटी वाटू नये. जागा खिडकीपासून लांब. काचेतून पण उन्हाची काही किरणं आत येतात असं तिच्या डॉक्टरांनी सांगितलं होतं.

गोल गालावरून पोरं चिडवतात, हे होणारच हे धरून चाला. आम्ही वर्गात सरळ सांगितलं, हिला एक आजार आहे, तो लागत नाही, औषधानं गाल फुगलेत, औषध संपलं की जातील. लहान लेकरं खरं सांगितलं की लवकर समजून घेतात. मोठ्यांनाच वेळ लागतो.

अन ती आळशी झाली असं ज्यांनी म्हटलं त्यांना भेटून निदान सांगा. भांडू नका पण सांगा. पुढच्या लेकराच्या वेळी तो शिक्षक लक्ष देईल.

रेणापूरकर

गुरुजी लई चांगलं लिहिलं. उन्हाचं मी पूर्ण करते. ऊन या आजाराला पेटवतं, ताकदीला पण अन कातडीला पण. सकाळी १० ते ४ तर बाहेर काढायचंच नाही, ढगाळ असलं तरी, हिवाळ्यात पण. पूर्ण बाह्यांचा सुती ड्रेस, रुंद काठाची टोपी, वरून ओढणी. सनस्क्रीन एसपीएफ ३० च्या वरचं, चेहऱ्याला एक ठिपका लावून भागत नाही, कान, मान, हाताची बोटं सगळीकडं, अन दर दोन तासांनी परत. शाळेत ते होत नाही म्हणून आम्ही कपड्यांवर जास्त भर दिला. शेतात नेऊ नका, हुरड्याला पण सावलीतच.

केजची_आई

सगळ्यांचं वाचलं, वहीत उतरवून घेतलं. डॉक्टर मॅडमनी टीबीची तपासणी केलेली आहे, फाईलमधी सापडली. उद्या शाळेत जाणार आहे. अंबाजोगाईला पण फाईल दाखवून ठेवतो.

एक शेवटचं विचारते, हसू नका. सासूबाईंनी नवस बोललाय की पोरगी चालायला लागली की नवरात्रात अंबाजोगाईच्या योगेश्वरीला पायी घेऊन जाईन. त्यांनी या लेकरासाठी वर्षभर उपास केलेत, त्यांना नाही म्हणवत नाही. पण ऊन, गर्दी, अन चालणं. काय करावं.

डॉ_त्वचा_नांदेड

हसण्यासारखं यात काही नाही. आजीला नाही म्हणू नका, फक्त नवस थोडा पुढे सरकवा. या नवरात्रात आजीने स्वतः जावं. लेकराला आत्ता एवढं अंतर चालवणं बरोबर नाही आणि स्टिरॉइडचा डोस जास्त असताना नवरात्रातली गर्दी टाळलेली बरी, ताप-खोकला-कांजिण्या तिथूनच येतात. डोस खाली आला की एखाद्या साध्या दिवशी पहाटे गाडीने जा, मंदिराच्या अलीकडे उतरून तिला झेपेल तेवढं चालू द्या आणि ऊन चढायच्या आत परत या. कधी जायचं ती तारीख मॅडमना विचारून ठरवा, पुढच्या तपासणीला आजींनाही सोबत न्या. त्यांनी मॅडमच्या तोंडून ऐकलं की औषधाच्या वेळा घरात त्याच सांभाळतील.